सारनाथचं संग्रहालय: बेळगाव-निपाणी-खानापूरहून जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दर हिवाळ्यात आपल्या सीमाभागातून बौद्ध स्थळांच्या यात्रेला माणसं निघतात. कुणी निपाणीच्या विहारातून, कुणी बेळगावातल्या गल्लीतले चार शेजारी मिळून, कुणी खानापूर-चिकोडीकडून अख्खं कुटुंब घेऊन. अशा काही गटांबरोबर मी गेलो आहे. बुद्धगयेला दोन दिवस, कुशीनगरला एक, आणि सारनाथच्या संग्रहालयाला कसाबसा अर्धा तास, असं बहुतेकांचं होतं. अशोकाच्या खांबावरचं सिंहांचं शीर्ष बघायचं आणि चहाला बाहेर यायचं. मला याची फार हळहळ वाटते. निघण्याआधी आणि तिथे दारात मला जे प्रश्न दरवर्षी विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत.

संग्रहालय कोणत्या वारी बंद असतं?

शुक्रवारी. हे सगळ्यात आधी लिहितो, कारण माझ्या पहिल्याच यात्रेत आमचा गट शुक्रवारी सकाळी दारात जाऊन उभा राहिला. खानापूरकडच्या एक आजी दोन रात्री गाडीत बसून आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे पुढचा प्रवास ठरलेला. त्या कुंपणातून इमारतीकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "फुडच्या बारीला दाव हां, बाळा." पुढच्या वर्षी गुडघ्यांनी त्यांना घराबाहेर पडू दिलं नाही. तेव्हापासून तारखा ठरवताना मी आधी वार बघतो, मग तिकिटं.

बेळगावहून कसं जायचं?

मिरज किंवा पुण्याला गाडी बदलायची आणि मनमाड, भुसावळ, इटारसी, जबलपूर, प्रयागराज या मार्गाने वाराणसी गाठायची. वाराणसीपासून सारनाथ साधारण १० किलोमीटर, रिक्षा भरपूर मिळतात. डिसेंबर-जानेवारीत तिकडे धुकं दाट असतं आणि गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. म्हणून वाराणसीला पोहोचण्याच्या दिवशीच संग्रहालय ठेवू नका.

किती वेळ ठेवावा?

संग्रहालयाला निदान दोन तास, आणि समोरच्या उत्खननाच्या जागेला वेगळे दोन तास. आधी संग्रहालय, मग भग्नावशेष, असा क्रम ठेवा. मूर्ती पाहून ठेवलेल्या असल्या की बाहेर नुसते विटांचे चौथरे दिसत नाहीत. कोणती वस्तू कुठल्या जमिनीतून वर आली ते समजत जातं.

ती इमारत स्वतः जुनी आहे का?

तिचं बांधकाम १९१० साली पूर्ण झालं. जिथे वस्तू सापडल्या तिथेच त्या ठेवाव्यात, हा विचार पुरातत्त्व खात्याचे तेव्हाचे प्रमुख जॉन मार्शल यांचा. खात्याचं हे सर्वांत जुनं स्थळ-संग्रहालय मानतात. आराखडा जेम्स रॅन्सम यांचा आहे आणि तो अर्ध्या संघारामासारखा, म्हणजे भिक्षूंच्या निवासासारखा केलेला आहे. पाच दालनं आणि दोन पडव्या. दालनांची नावंही लक्षात ठेवण्यासारखी आहेत: तथागत, त्रिरत्न, शाक्यसिंह, त्रिमूर्ती आणि आशुतोष. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकापासून इसवी सनाच्या बाराव्या शतकापर्यंतच्या वस्तू इथे आहेत, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षं.

नोटेवरचे सिंह ते हेच का?

हेच. आणि ही नक्कल नाही, मूळ आहे. शाक्यसिंह दालनात शिरलात की समोर.

फ्रेडरिक ऑर्टेल या अभियंत्याने १९०४-०५च्या हंगामात इथे खोदकाम केलं, तेव्हा ते मिळालं. उंची सुमारे २.१ मीटर. वाराणसीजवळच्या चुनारच्या वालुकाश्मातून, एकाच दगडातून कोरलेलं. आपल्याकडे एकतर जांभा नाहीतर काळा दगड, त्यामुळे असा दगड आपल्या डोळ्यांना नवा. त्यातून त्यावरची चकाकी! सव्वादोन हजार वर्षांनंतरही तो दगड ओला असल्यासारखा दिसतो. मौर्य काळातली ही झिलई पुढच्या शतकांतल्या कामावर दिसत नाही. त्याच दालनात फिरून स्वतः ताडून बघा.

राष्ट्रचिन्ह म्हणून हे २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारलं गेलं. चित्रात तीनच सिंह दिसतात, इथे बाजूला सरकलं की चौथा समोर येतो. सिंहांच्या पायाखालच्या गोल पट्टीवर चार प्राणी चालत चालले आहेत: हत्ती, बैल, घोडा आणि सिंह. दोन प्राण्यांच्या मध्ये एक चक्र, चोवीस आऱ्यांचं, तेच आपल्या झेंड्यावरचं. राष्ट्रचिन्हाच्या चित्रात फक्त बैल आणि घोडा येतात. हत्ती आणि चालता सिंह बघायला इथेच यावं लागतं. खालचं उलट्या कमळाचं अंगही चित्रात घेतलेलं नाही. 'सत्यमेव जयते' हे शब्द मुंडक उपनिषदातले, ते चिन्ह घडवताना जोडले गेले. दगडावर ते शोधू नका.

एक गोष्ट मात्र गटातल्या प्रत्येकाला मी हाताला धरून दाखवतो. हे सिंह सगळ्यात वर नव्हते. त्यांच्या खांद्यांवर एक मोठं धर्मचक्र होतं, बत्तीस आऱ्यांचं. ते फुटलं, त्याचे तुकडे संग्रहात आहेत. राजाच्या सामर्थ्याचे चार सिंह धम्माचं चक्र पेलून उभे होते. ते तुकडे पाहिल्यावर मग पुन्हा सिंहांकडे बघा.

मग खांब कुठे आहे?

बाहेर, उत्खननाच्या जागेत. मोडलेला आहे, काचेआड ठेवलेला आहे, आणि त्यावर अशोकाचा ब्राह्मी लेख आहे. बहुतेकांना वाटतं की त्यात काहीतरी उपदेश असेल. प्रत्यक्षात तो हुकूम आहे: जो भिक्षू किंवा जी भिक्षुणी संघात फूट पाडेल, त्याला किंवा तिला पांढरी वस्त्रं नेसवून संघाच्या निवासाबाहेर ठेवावं. 'ओदातानि दुसानि' असे शब्द आहेत, म्हणजे पांढरी वस्त्रं. चीवर काढून घेतलं, हा त्याचा अर्थ. पुढे अशोक सांगतो की या हुकुमाची एक प्रत उपासकांजवळही ठेवा, आणि उपोसथाच्या दिवशी त्यांनी येऊन ती समजून घ्यावी. संघाच्या एकोप्याची जबाबदारी साध्या घरगृहस्थांवरही टाकली होती. गटागटांत विभागलेल्या आपल्या लोकांना हे मी आवर्जून वाचून दाखवतो.

लाल दगडाच्या मोठ्या मूर्तीवर 'बोधिसत्त्व' लिहिलंय. आम्हाला तर बुद्ध दिसतात. पाटी चुकली का?

पाटी बरोबर आहे. खुद्द मूर्तीवरच्या लेखात 'बोधिसत्त्व' म्हटलं आहे. कुषाण काळात मथुरेच्या कारागिरांनी घडवलेल्या अशा मूर्तींना तो शब्द वापरत, जरी आपल्या डोळ्यांना त्या बुद्धांच्याच वाटल्या तरी.

ही मूर्ती माझी सगळ्यात लाडकी. पुरुषभर उंचीहून खूप मोठी, सरळ उभी, डावी मूठ कमरेवर, दोन पावलांच्या मध्ये छोटासा सिंह. उजवा हात तुटलेला. दगड मथुरेचा तांबडा, म्हणजे घडवली तिथे आणि आणली इथे. तिच्यामागे दगडी दांडा आणि त्यावर दगडी छत्र होतं. ते छत्र वेगळं ठेवलेलं आहे. त्याचा घेर बघून आमच्या गटातला एक सुतारकाम करणारा अण्णा मिनिटभर काही बोललाच नाही.

आता लेख. कनिष्काच्या राज्याचं तिसरं वर्ष, हेमंताचा तिसरा महिना, दिवस बाविसावा. त्रिपिटक जाणणाऱ्या बल नावाच्या भिक्षूने वाराणसीत, भगवान जिथे चंक्रमण करत, म्हणजे ध्यानात येरझारा घालत, त्या जागी, ही मूर्ती, छत्र आणि दांडा उभारला. या पुण्यात त्याने कुणाकुणाला सामील केलं त्यांची नावं पुढे येतात: आईवडील, आचार्य, सोबतचे भिक्षू, शिष्य, आणि बुद्धमित्रा. बुद्धमित्रा ही भिक्षुणी, आणि तिलाही लेखात 'त्रेपिटिका' म्हटलं आहे, म्हणजे तिन्ही पिटकांची जाणकार. त्यानंतर क्षत्रप, म्हणजे राजाचे प्रांताधिकारी, वनस्पर आणि खरपल्लान यांची नावं. विद्वान भिक्षुणीचं नाव क्षत्रपांच्या आधी! आमच्या महिला मंडळाच्या मावशींनी हे ऐकल्यावर तिथून हलायला नकार दिला. एकीने वहीत 'बुद्धमित्रा' असं मोठ्या अक्षरात लिहून घेतलं.

प्रवचन देणाऱ्या बुद्धांच्या मूर्तीत नेमकं काय बघायचं?

आधी काही बघू नका, समोर उभे राहा. मग खालून सुरुवात करा.

बैठकीच्या मध्यभागी चक्र आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना हरणं. हे ऋषिपतनाचं मृगदाव, म्हणजे हरणांचं वन, हीच जागा. चक्राभोवती हात जोडलेले पाच जण: कौंडिण्य, वप्प, भद्दिय, महानाम आणि अस्सजी. विहारात धम्मचक्कप्पवत्तन सुत्त म्हणताना ज्यांना उद्देशून ते सांगितलं गेलं, ते हे पाच. पण मोजलंत तर सात माणसं भरतील. उरलेल्या दोघांत एक बाई आणि एक मूल आहे. ही मूर्ती जिने घडवून घेतली ती हीच असावी, असं अभ्यासक मानतात. नाव कुठे नाही. पाच पहिल्या शिष्यांच्या रांगेत तिने स्वतःला आणि आपल्या लेकराला बसवून घेतलं आहे.

मग हात. दोन्ही हात छातीपाशी, बोटं एकमेकांना लागलेली, एखादी गोष्ट मुद्देसूद समजावून सांगताना होतात तशी. ही धर्मचक्रप्रवर्तन मुद्रा. मग चेहरा: पापण्या अर्ध्या मिटलेल्या, ओठ शांत. मागचं प्रभामंडळ फुलापानांच्या बारीक नक्षीने भरलेलं, वर दोन उडते गंधर्व. उंची सुमारे १.६ मीटर, दगड चुनारचाच, काळ पाचवं शतक.

पाचवं शतक हे कशावरून ठरवतात?

मूर्तीच्या घडणीवरून, आणि तशाच घडणीच्या दुसऱ्या मूर्तींवर सन कोरलेला आहे त्यावरून. अभयमित्र नावाच्या भिक्षूने इथे करवलेल्या मूर्तींवर गुप्त संवत १५४ आणि १५७ आहे, म्हणजे इसवी सन ४७३-७४ आणि ४७६-७७. पहिली दुसऱ्या कुमारगुप्ताच्या काळातली, दुसरी बुधगुप्ताच्या. उभे बुद्ध, साध्या बैठकीवर, खाली दोन-चार ओळी. लोक त्यांच्यासमोर थांबत नाहीत. पण सारनाथच्या साऱ्या शिल्पांचा काळ लावताना अभ्यासकांना आधार या ओळींचाच आहे.

अंगावर चीवर आहे की नाही तेच कळत नाही. असं का?

आहे. मनगटापाशी आणि घोट्यापाशी काठ बघा, तिथे कापडाची कड दिसेल. मथुरेचे कारागीर चीवराच्या चुण्या दोरीसारख्या कोरत. सारनाथच्या कारागिरांनी चुण्या गाळल्याच. कापड इतकं तलम की आतली काया दिसावी. ही सारनाथची स्वतःची रीत, आणि इथून ती दूरवर गेली.

इतक्या मूर्तींची नाकं, हात, डोकी तुटलेली. हे कुणी केलं?

एका काळावर किंवा एका माणसावर बोट ठेवता येत नाही, आणि ठेवूही नये. बाराव्या शतकाच्या अखेरच्या आक्रमणांनंतर इथले विहार ओस पडले, हे खरं. पण नंतरची कहाणीही सांगायला हवी. १७९४ साली वाराणसीत जगतगंजच्या बांधकामासाठी धर्मराजिका स्तूपाच्या विटा काढून नेल्या गेल्या. एवढा मोठा अशोककालीन स्तूप, त्याचं आज फक्त गोल जोतं उरलं आहे. पुढे अलेक्झांडर कनिंगहॅमने १८३५-३६ मध्ये खोदकाम केलं. त्यात निघालेल्या काही मूर्ती कोलकात्याला गेल्या, आणि मागे राहिलेल्या चाळीसहून अधिक मूर्ती व बरेच कोरीव दगड वरुणा नदीवरच्या पुलाच्या बचावासाठी पाण्यात ढकलले गेले. ही नोंद कनिंगहॅमचीच आहे. पूल बांधणारे सरकारी लोक होते, कायदा जाणणारे, शिकलेले.

वाराणसीहून सारनाथला येताना तुमची रिक्षा वरुणा ओलांडते. मी त्या पुलावर दर वेळी गटाला गप्प करतो.

बुद्धांच्या अस्थी संग्रहालयात आहेत का?

नाहीत. धर्मराजिका स्तूपातून १७९४ मध्ये दगडी पेटीत ठेवलेला हिरव्या संगमरवराचा करंडक निघाला होता, त्यात अस्थी होत्या. त्या गंगेत सोडल्या गेल्या. जोनाथन डंकन यांनी ती हकीकत लिहून ठेवली म्हणून आपल्याला ठाऊक आहे. बाहेरची दगडी पेटी कनिंगहॅमला पुन्हा सापडली.

जवळच्या मूलगंधकुटी विहारात मात्र दुसरीकडे मिळालेल्या पवित्र अस्थी आहेत आणि कार्तिक पौर्णिमेला त्या दर्शनासाठी बाहेर काढतात. हा विहार अनागारिक धर्मपालांच्या महाबोधी सोसायटीने उभारला, १९३१ साली. आतल्या भिंतींवर बुद्धचरित्राची चित्रं जपानी चित्रकार कोसेत्सु नोसू यांनी रंगवली आहेत.

आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. तिथे तारा, लोकेश्वर, चार हातांच्या देवता कशाला?

हा प्रश्न निपाणीकडचे काका-दादा मंडळी फार पोटतिडकीने विचारतात, आणि विचारायलाच हवा. १९२५ साली बाबासाहेब ज्या निपाणीत बहिष्कृतांच्या परिषदेला आले, तिथली ही माणसं आहेत.

बुद्धांनंतरच्या हजार-पंधराशे वर्षांत महायान आणि वज्रयान वाढले. करुणेला अवलोकितेश्वराचं रूप मिळालं, संकटातून तारणारी ती तारा झाली. त्रिरत्न आणि तथागत दालनांत हे सगळं ओळीने दिसतं: पद्मपाणी, उभी तारा, विषाचं पात्र हातात घेतलेला नीलकंठ लोकेश्वर. सारनाथच्या विहारांत ते घडलं आणि पूजलं गेलं, हा इतिहास आहे. तो पाहिल्याने आपली प्रतिज्ञा मोडत नाही. धम्मात काय काय मिसळत गेलं ते डोळ्यांनी बघायचं असेल, तर याहून चांगली जागा मिळणार नाही. मला स्वतःला त्या मूर्तींत कारागिराची माया दिसते, आणि तेवढी मी मनापासून घेतो.

याच दालनांत कुमारदेवीचा शिलालेख आहे. गाहडवाल राजा गोविंदचंद्राची ही राणी बौद्ध होती. बाराव्या शतकात तिने इथे विहार बांधवला. सारनाथच्या शेवटच्या मोठ्या दानांपैकी ते एक. आणि आता आपल्याकडे या. त्याच सुमारास, १०९५ साली, गदगजवळच्या दंबळ गावात सोळा सेट्टींनी उभारलेल्या बौद्ध विहारासाठी आणि तारेच्या मंदिरासाठी जमिनी दिल्याचा कन्नड शिलालेख आहे. कल्याणच्या सहाव्या विक्रमादित्याचा तो काळ. तारा वाराणसीला होती तशी हुबळीच्या पलीकडेही होती, आणि तिच्यासाठी पैसा देणारे आपल्याच बाजारपेठांतले व्यापारी होते.

मूर्तींना हार-फुलं वाहता येतात का? हात लावून नमस्कार?

नाही. वालुकाश्म तेल, घाम आणि ओलावा पितो. गावोगावच्या शेंदूर-तेलाच्या थराखाली किती जुन्या मूर्तींचे चेहरे बुजले, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. हात जोडा, जागेवरूनच. वंदना, त्रिशरण-पंचशील बाहेर उत्खननाच्या जागेतल्या धमेक स्तूपापाशी म्हणा. तिथे मोकळी जागा आहे आणि देशोदेशीचे भिक्षू-उपासक शेजारी बसलेले असतात.

पाट्या वाचता येतील का? घरात काहींचं शिक्षण कन्नडमधून झालंय.

पाट्या हिंदी आणि इंग्रजीत असतात. देवनागरी वाचणाऱ्याचं काम भागतं, पण काही शब्द आधी सांगून ठेवा. 'बलुआ पत्थर' म्हणजे वालुकाश्म, 'शती' म्हणजे शतक, 'ई.पू.' म्हणजे इसवी सनापूर्वी. कन्नड माध्यमातल्या मुलांना त्यांच्या भाषेत सांगणारा एक जण गटात हवाच. आपल्या भागात तो सापडतोच.

मुलं कंटाळतील ना?

त्यांना पासपोर्टवरचं राष्ट्रचिन्ह दाखवून न्या आणि सांगा, यात नसलेले दोन प्राणी शोधा.

फोटो काढता येतात का?

तिकीट खिडकीवर त्या दिवशीचा नियम विचारा आणि तो पाळा.

इतक्या लांब जाणं जमणार नाही. जवळपास काय बघता येईल?

पुष्कळ. आजींसारख्यांसाठी मी हीच यादी ठेवली आहे.

कोल्हापूर सगळ्यात सोपं. १८७७ साली तिथे ब्रह्मपुरीजवळ स्तूपाच्या अवशेषांत धातुकरंडक, म्हणजे पवित्र अवशेष ठेवायची डबी, मिळाला. ज्या पेटीत तो होता, तिच्या दगडी झाकणावर ब्राह्मीत दान देणाऱ्या बम्हाचं आणि काम करवणाऱ्या धमगुताचं नाव आहे. टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू बघा. जोतिबाच्या वाटेवर पोहाळ्याची बौद्ध लेणी आहेत, तीही त्याच फेरीत होतात.

कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या काठी सन्नतीजवळ कनगनहळ्ळीचा स्तूप आहे. तिथे मिळालेल्या एका शिल्पपटावर राजा-राणी कोरलेले असून खाली ब्राह्मीत 'रायो असोको' लिहिलं आहे. अशोकाचं नाव लिहिलेलं शिल्प, आणि ते आपल्याच राज्यात.

आणि ऐहोळे. बदामी-पट्टदकलची सहल करणारे बेळगावकर तिथे जातातच, दुर्ग मंदिर बघतात आणि गाडीत बसतात. मेगुती टेकडीच्या पायऱ्या चढताना वाटेत एक दुमजली बौद्ध चैत्य लागतो, अर्धा कातळात खोदलेला, अर्धा बांधलेला. आत फारसं काही दिसत नाही म्हणून लोक डोकावून पुढे जातात. ओवरीत उभं राहून मान वर करा. छतावर बुद्ध बसलेले आहेत.